काळी पडलेली ज्वारी : १९९५ सालच्या एका साथीची गोष्ट

"डॉक्टर, ज्वारी पावसात भिजून काळी पडलीय. धुऊन, वाळवून दळली तर चालेल ना?"

उमरग्यात हा प्रश्न मला बऱ्याचदा ऐकायला मिळतो. चांगली ज्वारी आडतीला जाते आणि काळी घरात खायला राहते, हे आपल्याकडे नवे नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच दख्खनच्या पठारावर १९९५ मध्ये मिळाले आहे.

तेव्हा काय घडले?

त्या वर्षी कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील काही गावांत लोकांना पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. रमेश भट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. पाहणी केलेल्या ५० पैकी २७ गावांत हा त्रास आढळला. लोकांच्या खाण्यात पावसात भिजून बुरशी लागलेली ज्वारी आणि मका होता.

शास्त्रज्ञांनी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट केली. त्रास झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही घरांतले धान्य त्यांनी तपासले. त्रास झालेल्या घरांतील ज्वारीत फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष किलोला ०.१४ ते ७.८ मिलिग्रॅम निघाले; मक्यात तर ६४.७ मिलिग्रॅमपर्यंत. इतर घरांतील धान्यात ते अगदी कमी होते. तेच धान्य कोंबडीच्या पिल्लांना घातले, तर त्यांनाही जुलाब झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. ते धान्य बंद केल्यावर लोक बरे झाले.

विष किती, आणि भाकरी किती?

हे विष शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने नंतर ठरवले. आता हिशोब करू. ६० किलो वजनाचा कष्टकरी माणूस दिवसाला अर्धा किलो ज्वारी खातो. ज्वारीत किलोला ७.८ मिलिग्रॅम विष असेल, तर त्याच्या पोटात ३.९ मिलिग्रॅम जाते. म्हणजे दर किलो वजनामागे ६५ मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या बत्तीस पट!

तीच ज्वारी कोणी आठवड्यातून एकदा हौसेने खाल्ली, तर त्याचा हिशोब वेगळा निघेल. म्हणून धान्यात विष किती, एवढेच पाहून चालत नाही. ते धान्य कोण, किती आणि किती दिवस खातो, हेही पाहावे लागते. ज्याचे दोन्ही वेळचे पोट भाकरीवरच भरते, त्याला धोका सर्वात जास्त.

१९७४ चा मका

याहून भयंकर घटना १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात घडली. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे यकृताला मारणारे विष तयार झाले होते. मका हेच तिथल्या गरिबांचे रोजचे अन्न. ३९७ जणांना कावीळ व जलोदर झाला, त्यातले १०६ दगावले. घरातले उरलेसुरले खाणाऱ्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला. त्या लोकांच्या पोटात रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष जात असावे, असा पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अंदाज होता.

आज आपल्याकडे धान्यात अफ्लाटॉक्सिनची कायदेशीर मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. पण घरच्या कणगीतले धान्य कोण तपासणार? तिथे आपणच सावध राहायचे.

मग काय करावे?

- भाकरी तव्यावर कितीही कडक भाजली तरी ही विषे पूर्ण नष्ट होत नाहीत.
- थोडेसेच दाणे काळे असतील तर निवडून, पाखडून, धुऊन टाकल्याने विष कमी होते. सगळी ज्वारीच काळी, कुबट असेल तर ती खाऊ नका.
- ती दुभत्या जनावरालाही घालू नका. अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळले तरी जात नाही.
- कणसे भिजली तर ढीग लावू नका. पसरून वाळवा आणि दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत साठवू नका.
- घरात एकाच वेळी अनेकांना जुलाब किंवा कावीळ झाली, तर दवाखान्यात येताना घरातले मूठभर धान्यही घेऊन या.

शेवटचा मुद्दा विसरू नका. १९९५ मध्ये त्या साथीचे कारण घराघरातले धान्य तपासल्यावरच सापडले होते.