न्हाणीचं पाणी

कल्याणला शाळेत मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवला. आता दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माती शिकवते. पर्माकल्चर म्हणजे काय ते सांगायला फळ्यावर एकात एक वर्तुळं काढावी लागतात. मधे घर, त्याला लागून रोज हात लागणारी भाजी, मग फळझाडं, मग गुरं नि शेत, सगळ्यात बाहेर रान. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या ऑस्ट्रेलियातल्या जोडीचं यावरचं पहिलं पुस्तक 1978 सालचं. 'पर्मनंट' आणि 'ॲग्रिकल्चर' जोडून त्यांनी हा शब्द केला. ती वर्तुळं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसूच आलं. हे तर आमचं सावर्ड्याचं परसू!

मागच्या दाराशी न्हाणी. तिचं पाणी दगडावरून ओघळत आधी अळवात जायचं, उरलेलं केळींना. चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणून मृगाआधी आई कुदळ घेऊन चर उलटा फिरवायची, नाहीतर केळीचे गड्डे कुजत. चुलीतली राख पडवळाच्या आळ्यात. पडवळ-शिराळ्यांचा मांडव, त्याच्या सावलीत हळद. नारळाची सोडणं माडाच्या आळ्यात पालथी घातलेली, म्हणजे ओल टिकते. गोठ्याच्या उताराला गायरी, शेणाचा खड्डा. भोवती जांभ्याचा गडगा. भाजीचं बी विकत आणलेलं मला आठवत नाही. ते शेजारणीकडून यायचं आणि पुढच्या साली तिच्याकडेच परत जायचं.

इथवर सांगितलं की वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं." मग मला जरा कडक व्हावं लागतं. परसू नुसतं परसाच्या जिवावर उभं नव्हतं. थंडी सरता सरता डोंगरावरून कवळाचे भारे उतरायचे, ऐन आणि किंजळीच्या छाटलेल्या फांद्या. भाताच्या दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, कवळ, शेण, पातेरा, गवत पसरून वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. ही भाजावळ. झाडं बोडकी व्हायची, दर साली. त्यात कोळशाच्या भट्ट्या. आणि आमचं गाव तर कातासाठी नावाजलेलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळायचे, तो रस आटवायचा, वड्या पाडायच्या. कातकरी हे जमातीचं नाव या धंद्यावरूनच आलं. विडा रंगायचा तो डोंगरावरच्या खैराच्या गाभ्याने. मॉलिसनच्या शेवटच्या वर्तुळात माणसानं जायचं ते फक्त बघायला आणि शिकायला. आमचं शेवटचं वर्तुळ आम्ही तोडून, भाजून, उकळून खात होतो.

तेव्हा हिशेब कुणी मांडला नव्हता. तो मांडला श्री. अ. दाभोळकरांनी. माणूस मूळचा गणिताचा, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेला. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त तासगावकडचे द्राक्षबागायतदार होते. प्रयोग शेतकऱ्यानं स्वतः करायचा, नोंद ठेवायची आणि पत्रानं दुसऱ्याला कळवायचं. एवढ्या पानावर एवढं ऊन पडलं तर त्यातून पिकतं किती, हा त्यांचा मूळ प्रश्न. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, हे त्यांचं गणित. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' वाचताना मला आईची आठवण आली आणि थोडा रागही. ती अळवाला पाणी किती लागतं हे हातानं जाणायची, पण तिच्या जाणण्याची वही झाली नाही.

गच्चीला तर डोंगरच नाही. म्हणून मला शहरातलं हे काम परसापेक्षा अवघड आणि जास्त प्रामाणिक वाटतं. पातेरा आणायला दुसऱ्याचं रान नाही, म्हणजे शहरानं टाकून दिलेलंच घ्यायचं. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी रसवंतीच्या उसाची चिपाडं घेतली. पिशव्या, पिंपं, जुने टायर चिपाडांनी भरायचे, माती नावाला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे 3000 कामगारांचं जेवण शिजायचं. तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 पासून भाज्यांची देठं-सालं गच्चीवर चढवली आणि तिथंच बाग केली. पुढे त्यांच्या 'अर्बन लीव्ज' गटातून इतर शहरवासीही हे शिकले. दाभोळकरांचे शिष्य दीपक सुचदे यांची अमृतमाती आम्ही गच्चीवर करतो: दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं, मग पाणी घालून पातळ करून त्यात सुका पाला भिजवायचा. शेण तबेल्यातून येतं, माझ्या पिशवीतून, रिक्षावाल्याच्या नाकावर टिच्चून.

फजितीही सांगते. पहिल्या पावसाळ्यात पिंपांच्या बुडाला भोकं पाडली, पण त्यातून गळणारं पाणी जाणार कुठे याचा विचारच केला नाही. खालच्या मजल्यावर दिवाणखान्याच्या छताला ओल आली. सोसायटीच्या सभेत मला उभं करून विचारलं, "मॅडम, भूगोल शिकवता ना?" खरंच, जूनमध्ये चर उलटा फिरवायचा असतो हे मी कल्याणात विसरले होते. तेव्हापासून पिंपं विटांवर असतात आणि मे महिन्यात पहिला धडा उताराचा.

परवा कोकण रेल्वेनं सावर्ड्याला गेले. पुतण्यानं घर नवं बांधलंय, मागच्या दाराशी टाइल्सची बाथरूम. जुन्या न्हाणीच्या जागी स्कूटर उभी असते. बाथरूमचा पाइप थेट शोषखड्ड्यात. अळू कुठाय म्हटलं तर म्हणाला, "बाजारात मिळतं की, आत्या." मी पाइपाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी प्लंबर काहीतरी दुरुस्तीला आला होता. पुतण्यानंच त्याला विचारलं, पण माझ्याकडे न बघता, "यातला एक फाटा केळीकडे काढता येईल काय रे?"