धोट्यावरचं भांडण

नागझिऱ्यासारख्या शांत जागी येऊन भांडणावर व्याख्यान द्यायचं, याचं आम्हालाही थोडं हसू येतं. पण इथे बसलेल्यांपैकी बरेच जण जंगलात टीमनं काम करणारे आहेत. उन्हाळ्यात वणवा विझवायला चौघं निघाले आणि त्यातल्या दोघांचं बोलणंच बंद असेल तर काय होतं, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. तेव्हा आजचा प्रश्न असा: एकत्र काम करणाऱ्यांमधला वाद मिटतो कसा?

आधी आमचीच एक चूक सांगतो. आम्ही विभागप्रमुख असताना दोन सहकाऱ्यांचं बिनसलं. एकाला वर्षानुवर्षं सोयीचे तास मिळत, दुसऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले. आम्ही दोघांना चहाला बोलावलं, ‘आपण एका घरातली माणसं’ वगैरे सांगितलं. दोघांनी हात मिळवले. वेळापत्रक मात्र तेच राहिलं. वाद मिटला अशी आम्ही समजूत करून घेतली. खरं तर तो फक्त ऐकू येईनासा झाला होता.

या विषयावर मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीनं १९२५ साली महत्त्वाचं विवेचन केलं. ग्रंथालयाच्या एका लहान खोलीत त्या बसल्या होत्या. एकाला खिडकी उघडी हवी, यांना बंद हवी. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा मिळाली, यांच्या अंगावर थेट वारा आला नाही. कुणी जिंकलं नाही आणि कुणाला अर्ध्यावर समाधानही मानावं लागलं नाही. फॉलेटबाईंचं म्हणणं, मागणीच्या मागची गरज शोधा.

उत्तम आहे हे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्या खोलीत बसायचा हक्क दोघांनाही होता. जिथे एकाला खोलीतच येऊ देत नाहीत, तिथे काय करायचं?

याचं उत्तर शोधायला फॉलेटबाईंच्याच काळातल्या मुंबईत जाऊ. १९२८ साली तिथल्या गिरण्यांमध्ये सुमारे दीड लाख कामगारांचा संप झाला. तो एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. एका विणकरानं दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, अशा योजनांनी कामगार धास्तावले होते. मालकांविरुद्ध सगळे एक, असं चित्र बाहेरून दिसत होतं.

आत मात्र वेगळंच होतं. विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं कसा तोंडाला लावायचा! ही बंदी सवर्ण कामगारांच्या आग्रहानं टिकली होती. एकाच गिरणीतले, एकाच संपातले हे सहकारी, बरं का.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की दलित कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मिळावा, ही मागणीही यादीत घाला. नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीनं का होईना, ती घातली. वाटाघाटीत मालक म्हणाले, हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही. आता बघा, मालकाचं बोट कामगारांकडे वळलं आणि ते चुकीचं नव्हतं!

यादीत आलं म्हणून दार उघडलं का? नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांना हीच तक्रार पुन्हा मांडावी लागली. दहा वर्षं झाली होती. रेल्वेतही तोच प्रकार, माणूस जन्मभर गँगमनच राहायचा. स्टेशनवर हमाल म्हणूनही घेत नसत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागे.

हे बाबासाहेब १९५४ साली याच भागात, भंडाऱ्यातून, लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. त्या निवडणुकीत ते हरले.

मग १९२८ मध्ये साधलं काय? आमच्या मते, मोठी गोष्ट साधली. ‘आधी एकी, तुमचं नंतर बघू’ हे उत्तर त्यांनी मान्य केलं नाही. कुजबुजीत राहिलेली तक्रार सगळ्यांच्या कागदावर आली. त्यानंतर ती नाही असं कुणाला म्हणता येईना. तक्रार लिहिल्यानं वाद संपत नाही हे खरं, पण न लिहिता तो संपल्याचं उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही.

तुमच्या टीममध्ये वाद झाला तर फॉलेटबाईंचा प्रश्न जरूर विचारा, कुणाला नेमकं काय हवं आहे? पण त्याच्या आधी दुसरा विचारा: रात्रीची गस्त कायम कुणाच्या वाट्याला येते, आणि हे ठरवलं कुणी? ‘मोठं मन कर’ असं आपण नेहमी कुणाला सांगतो, तेही पाहा. बहुतेक वेळा ज्याचं आधीच कमी आहे, त्यालाच सांगतो.

आमच्या त्या चहाच्या दिवशी वेळापत्रकाचा कागद टेबलावरच होता. त्याकडे आम्ही पाहिलंसुद्धा नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.