मनातली चढण
माणदेश, म्हातारपण आणि हालचालीच्या कल्पनेचा इतिहास

चैत्र शुद्ध द्वादशीला माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावडी वर चढतात. घाट कसला, उभा खडकच तो. सासवडची तेल्या भुत्याची मानाची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन येते आणि माणसांची साखळी करून, एकमेकांना हात देत ती वर घेतली जाते. त्या पाण्याने शंभूमहादेवाला अभिषेक होतो.

या घाटात खरे तर दोन चढणी असतात. पुढचा पाय कोणत्या दगडावर टेकायचा, भार कोणत्या खांद्यावर येईल, तोल कुठे जाईल, हे आधी मनात घडते आणि मग अंगात उतरते. वय झाले की अंगाची चढण थांबते. मनातली तशीच राहते का? या प्रश्नाला उत्तर मिळायला विज्ञानाला बराच काळ लागला.

नुसत्या विचाराने अंग हलते, हे पहिल्यांदा नीट तपासले गेले ते एका करमणुकीच्या निमित्ताने. दोऱ्याला बांधलेला लोलक हातात धरला की तो ‘आपोआप’ झुलतो, असे लोक मानत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1833 मध्ये दाखवून दिले, की तो धरणाऱ्याच्याच हातामुळे झुलतो. हात हलतो आहे हे मात्र त्याला कळत नाही. कल्पनेतून निघणाऱ्या अशा हालचालीला इंग्लंडच्या विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्ये शास्त्रीय नाव दिले. पुढे 1880 मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगून त्यांच्या कल्पनाशक्तीची चौकशी केली. पण ती डोळ्यांच्या कल्पनेची. हातापायांची कल्पना मागेच राहिली.

1930 च्या सुमारास शिकागोत एडमंड जेकबसन यांनी आडव्या पडलेल्या माणसांना हात वाकवल्याची केवळ कल्पना करायला सांगितली. हात हलला नाही, पण स्नायूंत विजेची अगदी क्षीण चाहूल त्यांच्या यंत्राने टिपली. 1980 मध्ये पेर रोलांड आणि सहकाऱ्यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. बोटांची ठरावीक क्रमाने हालचाल मनात केली, की हालचालीची आखणी करणाऱ्या भागात रक्त वाढत होते. प्रत्यक्ष बोटे हलवली, की त्याच्या जोडीला स्नायूंना हुकूम देणारा भागही कामाला लागत होता. म्हणजे कल्पना ही हालचालीची आखणीच असते. अखेरचा हुकूम तेवढा रोखलेला असतो.

शिंगणापूरच्या वाटेवर आठवावा असा प्रयोग 1989 चा आहे. फ्रान्समध्ये जाँ देसेती, मार्क जानरो आणि सहकाऱ्यांनी माणसांना काही मीटर अंतर एकदा प्रत्यक्ष आणि एकदा मनात चालायला लावले. दोन्हींना लागलेला वेळ जवळजवळ सारखा निघाला. मग त्यांच्या पाठीवर 25 किलोचे ओझे दिले. पायांनी पूर्वीच्याच वेळात अंतर कापले. मनातले चालणे मात्र लांबले. ओझे मनालाही लागते, आणि मन त्याचा हिशेब वेळेत करते.

या साऱ्या संशोधनात म्हातारपण हा प्रश्न नव्हता. तो ठळकपणे पुढे आला या शतकात. 2005 मध्ये फ्रान्समधल्या स्कूरा, पापाक्झान्थिस आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध यांची तुलना प्रसिद्ध केली. हे वृद्ध निरोगी होते. प्रश्न आजाराचा नव्हता, साध्या वयाचा होता. चालणे, खुर्चीतून उठून पुन्हा बसणे अशा रोजच्या हालचालींत वृद्धांच्या मनातला आणि अंगातला वेळ तरुणांइतकाच जुळला. पण हात नेमक्या लहान लहान खुणांवर नेण्याचे काम आले, तेव्हा जुळणी ढासळली. 2009 मध्ये सेंपाँ आणि सहकाऱ्यांनी हातांची चित्रे दाखवून डावा कोणता, उजवा कोणता, असे विचारले. असे चित्र ओळखताना माणूस आपला हात मनातल्या मनात तसा वळवून पाहतो. वृद्धांना वेळ जास्त लागला, चुकाही जास्त झाल्या. आणि अवघड स्थितीतला हात ओळखताना हा फरक अधिक जाणवला.

सर्वांत जपून घ्यावा असा निष्कर्ष 2010 चा आहे. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, ही वृद्धांच्या तपासणीतली नेहमीची चाचणी. ओलिव्हिए बोशे आणि सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्ष आणि मनात अशी दोन्ही प्रकारे करून घेतली. मनातली चाचणी वृद्धांनी प्रत्यक्षापेक्षा लवकर संपवली. पाय मंदावले होते. मनाला त्याची पुरती खबर नव्हती.

म्हणजे मनातली चढण वयाबरोबर पुसली जात नाही. सवयीच्या हालचाली मनात बऱ्याच टिकतात. अवघड, नेमक्या, घाईच्या हालचाली आधी निसटतात. काही क्षण मनात धरून ठेवण्याची शक्ती उतरते, सांधे आणि स्नायूंकडून येणारी खबर मंदावते. त्यातच हिंडणे-फिरणे कमी झाले, तर मनातला जुना नकाशा दुरुस्त व्हायची संधीही कमी होते.

हा केवळ प्रयोगशाळेतला मुद्दा नाही. एसटीच्या पायरीवरून उतरताना, शेताचा बांध ओलांडताना, अंधारात उंबरठा चढताना माणूस आधी मनात पाऊल टाकतो. मनातले पाऊल जुन्या वेगाचे आणि अंगातले आजच्या वेगाचे असले, की मधल्या फरकात माणूस पडू शकतो. आपण मात्र ‘आता म्हातारपणी कशाला?’ म्हणून आजोबांच्या हातातली घागर काढून घेतो, आजीला एका जागी बसवतो. त्यामागे माया असते. पण तिने पायांबरोबर त्या नकाशाचाही सराव सुटतो.

पक्षाघातानंतर व्यायामाच्या जोडीला हालचालीची कल्पना करायला लावण्याची पद्धत आज उपचारांत वापरली जाते. तिथेही ‘जोडीला’ हाच शब्द महत्त्वाचा. कल्पना व्यायामाची जागा घेत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी यातून निघते ते साधेच आहे. झेपेल तेवढे रोज चालू द्यावे, हाताशी आधार असावा, आणि उठण्याआधी ‘किती वेळ लागेल?’ असे त्यांनाच विचारून मग घड्याळ पाहावे. मनातला आणि अंगातला वेळ किती लांब गेला आहे, याचा निदान अंदाज तरी येईल.