सोनं नाही, मॅग्नेशियम! समुद्रातून धातू काढल्याची गोष्ट

समुद्राच्या पाण्यात सोनं असतं, हे तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलं असेल. खरं आहे ते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रिट्झ हाबर या नोबेलविजेत्या केमिस्टने ते काढायचा प्लॅनही केला होता. जर्मनीच्या डोक्यावर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई होती, म्हणून १९२३ मध्ये हा गडी जहाजावरच लॅब थाटून अटलांटिकवर निघाला. हिशोब होता टनाला काही मिलिग्रॅम सोन्याचा. निघालं त्याच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकं. विषय संपला.

मॅग्नेशियमचं तसं नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ते साधारण १.३ ग्रॅम असतं. अडचण एवढीच, की ते विरघळलेलं असतं. मग बाहेर कसं काढायचं? अमेरिकेच्या डाऊ केमिकल कंपनीने टेक्ससच्या किनाऱ्यावर, फ्रीपोर्टला, जे वापरलं ते ऐकून हसाल. चुना!

खाडीतले कालवांचे शिंपले उपसायचे, भट्टीत भाजायचे, त्याचा चुना करायचा. (आपल्या कोकणातही शिंपले भाजून चुना करायचे, तोच प्रकार.) हा चुना समुद्राच्या पाण्यात कालवला की अदलाबदल होते. कॅल्शियम पाण्यात जातं आणि मॅग्नेशियम, हायड्रॉक्साइड बनून, पांढरा साका होऊन खाली बसतं. पोट साफ व्हायला मिल्क ऑफ मॅग्नेशिया देतात ना, त्यातला पांढरा पदार्थ हाच. पुढे साक्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग वाळवण, मग वितळवून त्यातून वीज सोडायची. धातू वेगळा होतो, क्लोरीन वेगळा. त्या क्लोरीनचं परत ॲसिड! टेक्ससमध्ये नैसर्गिक वायू स्वस्त, म्हणून वीजही परवडली. तरी एक टन धातूसाठी निदान पावणेआठशे टन पाणी उपसावं लागतं.

२१ जानेवारी १९४१ ला पहिली वीट निघाली. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण विमानांची घाई सुरू झाली होती, आणि मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलकं. विमानांचे भाग त्याचे झाले, तसे आगलावे बॉम्बही. शिंपल्यांपासून निघालेला हा रस्ता जळत्या शहरांपर्यंत गेला, हेही सांगायलाच हवं.

युद्ध संपलं तरी फ्रीपोर्टला मॅग्नेशियम निघत राहिलं, थेट १९९८ पर्यंत. त्या वर्षी वादळाने कारखान्याचं बरंच नुकसान केलं, आणि डाऊने हा धंदाच सोडला.