श्वसनसंस्था व शारीरिक हालचाल
स्नायूंना ऑक्सिजन पुरविणारी व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणारी शरीरयंत्रणा. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात आणि हवा श्वासनालातून फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांत शिरते. तेथे ऑक्सिजन रक्तातील हीमोग्लोबिनशी जोडला जातो. विश्रांतीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला १२–२० वेळा श्वास घेते. दर श्वासात सु. ५०० मिलि. हवा आत येते.

शारीरिक हालचालीचा श्वसनावरील परिणाम शेतीकामात दिसतो. उदा., चोरखमारा (ता. तिरोडा, जि. गोंदिया) हा धानशेतीचा परिसर. तेथे धानाच्या रोवणीत (रोपे लावताना) कमरेत वाकल्याने पोटावर दाब येतो व श्वासपटलाला वाव कमी मिळतो. श्रम करताना मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाचा वेग व खोली वाढविते. काम थांबल्यावरही शरीर पूर्वस्थितीत येईपर्यंत धाप टिकते. नियमित श्रमाने श्वसनाचे स्नायू बळकट होतात.