घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? सॉफ्टवेअर निवडताना आणि बदलताना काय तपासायचं?

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी चक्कर मारली, तर एका खिडकीतून हार्मोनियम, दुसरीतून गिटार आणि तिसरीतून लॅपटॉपवर बनवलेला बीट ऐकू येऊ शकतो. पूर्वी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे स्टुडिओत तासाच्या भाड्याने वेळ घ्यावी लागायची. आता लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, माइक आणि हेडफोन एवढ्यावर बेडरूममध्येच काम सुरू होतं.

पण पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? आणि दोन-तीन वर्षांनी त्याहून अवघड प्रश्न येतो, ते बदललं तर जुन्या गाण्यांचं काय होणार?

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

या सॉफ्टवेअरला 'डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन' म्हणतात. बोलताना सगळे 'डॉ' असंच म्हणतात. गायकाचा आवाज, तबला, हार्मोनियम, बासरी असे वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करणं, ते कापणं-जोडणं, इफेक्ट लावणं आणि शेवटी सगळं मिसळून एक गाणं तयार करणं, हे सगळं यात होतं.

बाजारात पर्याय भरपूर आहेत. १९८९ मध्ये आलेलं स्टाइनबर्ग कंपनीचं 'क्यूबेस' आणि १९९१ मध्ये आलेलं 'प्रो टूल्स' हे त्यातले जुने खेळाडू. मॅक वापरणाऱ्यांसाठी अॅपलचं मोफत 'गॅरेजबँड' आणि त्याचा थोरला भाऊ 'लॉजिक प्रो' आहे. बीट बनवणाऱ्यांमध्ये 'एफएल स्टुडिओ' आणि 'एबलटन लाइव्ह' लोकप्रिय आहेत. कमी बजेटवाल्यांसाठी 'रीपर' आहे. ते बनवणारे जस्टिन फ्रँकेल म्हणजे एकेकाळी घरोघरी असलेल्या 'विनअँप'चे निर्माते. फक्त आवाज रेकॉर्ड करून कापायचा असेल, तर मोफत 'ऑडॅसिटी'सुद्धा पुरतं.

मग 'सगळ्यात भारी' कुठलं?

असं काही नसतं. आवाजाच्या दर्जात या सॉफ्टवेअरमध्ये कानाला जाणवेल असा फरक जवळपास नाही. तोच माइक आणि तीच खोली असेल, तर रेकॉर्डिंग सारखंच येईल. फरक असतो तो काम करण्याच्या पद्धतीत.

समजा, एखाद्याला भावगीतं रेकॉर्ड करायची आहेत. आवाज, हार्मोनियम आणि तबला असे तीन-चार लाइव्ह ट्रॅक असतील. इथे सरळ रेकॉर्डिंग आणि झटपट एडिटिंग महत्त्वाचं. रीपर, क्यूबेस, लॉजिक यांपैकी काहीही चालेल.

समजा, दुसरी व्यक्ती रॅपसाठी बीट बनवते. तिला एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून त्यावर थर चढवायचे आहेत. तिला एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लवकर हाताशी बसेल.

तिसरी व्यक्ती शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत करते आणि अंतिम मिक्सिंग बाहेरच्या स्टुडिओत होणार आहे. सिनेमाच्या ध्वनीकामात प्रो टूल्सचा वापर सर्वाधिक असल्याने, तिने त्या स्टुडिओला काय चालतं हे आधी विचारलेलं बरं.

आपल्या संगीतासाठी काय वेगळं पाहावं?

बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य संगीत डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहेत. उघडताच चार मात्रांचे चौकोन आणि टिकटिक करणारा क्लिक समोर येतो.

त्रितालाला अडचण नाही, कारण १६ मात्रा म्हणजे चार-चारचे चार भाग. रूपकसाठी सात आणि झपतालासाठी दहा मात्रांची मोजणी स्वतः लावावी लागते. ख्यालात मात्र लय हळूहळू वाढत जाते. तिथे क्लिक बंद करून मोकळं रेकॉर्डिंग करणंच योग्य.

दुसरा मुद्दा पट्टीचा. गायक 'काळी एक' म्हणतो, सॉफ्टवेअरला ते 'सी शार्प' म्हणून सांगावं लागतं. आणि ऑटोमॅटिक सूर सुधारणारं टूल जपून वापरावं लागतं. मींड किंवा आंदोलन म्हणजे चूक आहे, असं समजून ते सूर सरळ करून टाकतं आणि गाण्याचा जीवच जातो.

आवाज उशिरा का ऐकू येतो?

नव्या लोकांना सर्वात आधी छळते ती लेटन्सी. गायक गातो आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा येतो. अनेक जण यासाठी सॉफ्टवेअरला दोष देतात आणि ते बदलूनही टाकतात.

खरं कारण बहुतेक वेळा बफर सेटिंगमध्ये असतं. ४८ किलोहर्ट्झवर बफर १०२४ सॅम्पल ठेवला, तर फक्त त्यातच सुमारे २१ मिलिसेकंद जातात. तोच १२८ केला, तर हा आकडा ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. विंडोजवर योग्य 'एएसआयओ' ड्रायव्हर टाकणंही गरजेचं असतं. म्हणून रेकॉर्डिंग करताना बफर कमी आणि मिक्सिंग करताना जास्त, हा साधा नियम लक्षात ठेवायचा.

तसंच कर्वे रोडचे हॉर्न, डोक्यावरचा पंखा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि गणपतीच्या आधी सुरू होणारा ढोल-ताशांचा सराव यावर कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण उपाय नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट, जाड पडदे आणि रेकॉर्डिंगची योग्य वेळ यांचा उपयोग महागड्या प्लगइनपेक्षा जास्त होतो.

लोक सॉफ्टवेअर का बदलतात?

कधी कंटाळून, कधी सोबतचे कलाकार दुसरं वापरतात म्हणून, तर कधी नाइलाजाने. नाइलाजाची उदाहरणं कमी नाहीत.

जुलै २००२ मध्ये अॅपलने 'लॉजिक' बनवणारी इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि त्याची विंडोज आवृत्ती बंद केली. विंडोजवाल्यांपुढे दोनच मार्ग उरले, मॅक घ्या किंवा सॉफ्टवेअर बदला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने 'केकवॉक सोनार'चं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यावर वर्षानुवर्षं काम केलेले लोक अडचणीत आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतलं आणि मोफत उपलब्ध करून दिलं, म्हणून अनेकांचं काम वाचलं.

२०१९ मध्ये मॅकच्या 'कॅटलिना' आवृत्तीने ३२-बिट सॉफ्टवेअरचा आधार काढला. अनेक जुने प्लगइन एका अपडेटमध्ये निकामी झाले.

मार्च २०२३ मध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्ह्ज कंपनीने कायमस्वरूपी विक्री बंद करून फक्त सबस्क्रिप्शन देण्याचं जाहीर केलं. जगभरातून टीका झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

खरा धोका कशात आहे?

पुण्यातल्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय संगीताच्या कॅसेट काढल्या. ती कॅसेट कुठल्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरवर वाजायची. आजच्या प्रोजेक्ट फाइलचं तसं नाही. लॉजिकची फाइल क्यूबेसमध्ये उघडत नाही आणि एफएल स्टुडिओची रीपरमध्ये उघडत नाही.

एखाद्याने आपल्या गुरूंचं किंवा आजीचं गाणं रेकॉर्ड केलं असेल, तर ते पुन्हा होणार नसतं. ते फक्त प्रोजेक्ट फाइलच्या भरवशावर ठेवणं जोखमीचं आहे.

यावर उपाय निघतोय. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी 'डॉप्रोजेक्ट' नावाचा खुला फॉरमॅट आणला. २०२४ मध्ये 'क्यूबेस १४'नेही तो स्वीकारला. पण सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तो अजून नाही.

बदलायचंच असेल तर काय करावं?

- हातातलं गाणं अर्धवट असताना बदलू नका. आधी ते पूर्ण करा.
- प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत वेगळ्या 'वेव्ह' फाइलमध्ये काढून ठेवा. सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू झाले, तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जुळतात.
- इफेक्टसह एक आणि इफेक्टशिवाय एक, अशा दोन प्रती ठेवा.
- कीबोर्डवर वाजवलेले भाग 'मिडी' फाइलमध्येही काढा. १९८३ पासूनचं हे मानक आजही सगळीकडे चालतं.
- टेम्पो, ताल, पट्टी आणि सॅम्पल रेट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा.
- तयार गाण्याची एक प्रत सोबत ठेवा, म्हणजे मूळ मिक्स कसं होतं ते कळेल.

जागेची चिंता करणाऱ्यांसाठी हिशोब सोपा आहे. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे २० ट्रॅक म्हणजे साधारण ८६० एमबी. एका साध्या हार्ड डिस्कवर अशी शेकडो गाणी मावतात.

पैसे भरण्याआधी

ट्रायल घ्या आणि त्यावर एक छोटं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करा. ट्रायलच्या अटी मात्र वाचा. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. रीपर ६० दिवस पूर्ण वापरता येतं आणि वैयक्तिक वापरासाठीचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. प्रो टूल्सची 'इंट्रो' आवृत्ती मोफत आहे, पण त्यात आठच ऑडिओ ट्रॅक मिळतात.

क्रॅक आवृत्तीचा मोह टाळलेला बरा. त्यातून व्हायरस येण्याचा धोका असतो आणि ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी ती बंद पडली, तर दाद मागायला जागा नसते.

आणि एक शेवटचं. तुमचा मित्र, सहवादक किंवा शिक्षक जे सॉफ्टवेअर वापरतो, तेच घेण्यात कमीपणा नाही. रात्री अकरा वाजता ट्रॅक अचानक गायब झाला, तर फोन करायला कुणीतरी हवं असतं.