निशाणी नांगर

वॉलिंगफर्ड या इंग्लंडमधल्या गावी 1879 साली एक शिक्का सापडला. अकराव्या शतकातला, गॉडविन नावाच्या राजसेवकाचा. दुसऱ्या बाजूला पुढे गॉडगिथा या जोगिणीचे नाव कोरले गेले. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शिक्का माणसाच्या नावाचा, म्हणून माणूस बदलला की नाव नव्याने कोरणे आले. आपल्याकडे पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी छत्रपतींचे नाव, मग स्वतःचे.

करमाळा, माढा, इंदापूर या उजनी धरणाकाठच्या मुलखात गावपातळीला मात्र वेगळी रीत होती. पाटलाच्या नावाशी कागदावर चक्क नांगर काढला जाई. ‘निशाणी नांगर’. न्हाव्याचा आरसा, वाण्याची तागडी, सुताराचे किंकरे. ज्याचे त्याचे अवजार हीच त्याची सही. अक्षरओळख नसलेला बलुतेदारही गोतसभेच्या महजरावर (निवाड्याच्या कागदावर) बरोबरीने साक्ष घालू शके. मला या रीतीचे मोठेपण इथेच वाटते.

पाटलाला नांगरच का? तो स्वतः बहुधा कुणबी, आणि पडीक रान लागवडीला आणून सरकारसारा भरणे हेच त्याचे मुख्य काम. हा नांगर एकट्या माणसाचा नव्हता, वतनाचा होता. बाप गेला तर लेक तोच नांगर काढी. पाटीलकी विकली वा दोन घरांत वाटली, की शिराळशेटाचा सण, होळीची पोळी, पानविडा यांच्या मानाबरोबर कागदावर नांगर कोणी करायचा हेही लिहून ठरे. त्यावरून भाऊबंदकी पेटे, पिढ्यान्‌पिढ्या चाले. वरच्या दरबारी कागदांची रीत मात्र निराळी: शिक्का माथ्यावर आणि मोर्तब, म्हणजे समाप्तीचा छाप, शेवटी. मोर्तबानंतर एक अक्षरही वाढवता येत नसे. लांब कागदाच्या जोडांवर पाठीमागूनही छाप मारत, मधला तुकडा बदलू नये म्हणून.

परगणा आणि कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी 1962 च्या. 1980 साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमाकाठची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. वाडे गेले, पण उठताना लोकांनी दप्तरे बरोबर नेली असतील तर ते कागद आजही पुनर्वसित घरांत असतील. तुमच्याकडे असा जुन्या कागदांचा रुमाल असेल तर त्यातल्या कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. मोडी जाणणाऱ्याला दाखवा, फोटो काढून ठेवा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला कळवा.